तेल उतरले उरणला

एक रुपयाची नोट आता फारशी कोणाच्या खिशात नसते. लग्नाच्या अहेराच्या पाकिटात मात्र ती अजून सापडते. कधी हाती आली तर मागची बाजू पाहा. समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक लोखंडी सांगाडा तिथे छापलेला आहे. तो ‘सागर सम्राट’. जपानमध्ये बांधलेल्या या खोदनौकेने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्राच्या तळाला भोक पाडले आणि खनिज तेल वर आले. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या होत्या आणि भारत आपल्या गरजेचे बहुतेक तेल परदेशातून आणत होता. नोटेवर चढण्याचा मान या सांगाड्याला मिळाला तो या मुहूर्तामुळे.

मुहूर्त चांगला असला तरी शोध योगायोगाने लागलेला नव्हता. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, स्थापन झाला तेव्हा भारतात तेल म्हणजे आसामचे दिग्बोई एवढीच ओळख होती. केंद्रातले मंत्री केशवदेव मालवीय यांनी पाश्चात्त्य कंपन्यांच्या नकारघंटेकडे दुर्लक्ष करून सोव्हिएत तज्ज्ञांची मदत घेतली. आधी खंभात आणि अंकलेश्वरला जमिनीवर तेल मिळाले. मग साठच्या दशकाच्या मध्याला ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ नावाचे सोव्हिएत सर्वेक्षण जहाज पश्चिम किनाऱ्याजवळ फिरले. पाण्यात कंपने सोडायची, तळाखालच्या थरांवर आपटून ती परत येतात तेव्हा ती टिपायची आणि त्यावरून खालच्या खडकांचा नकाशा काढायचा, असे त्याचे काम. त्या नकाशात मुंबईच्या पश्चिमेला एक प्रचंड उंचवटा दिसला. खडकांचा हा घुमट म्हणजेच ‘बॉम्बे हाय’. नावातला ‘हाय’ म्हणजे हा पाण्याखालचा उंचवटा. या घुमटातल्या मायोसीन काळातल्या चुनखडीच्या बारीक छिद्रांत तेल साठले होते.

२१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. सुरुवातीला समुद्रातच टँकर भरून तेल आणले जाई. पावसाळ्यात अरबी समुद्राशी असा व्यवहार फार दिवस चालणार नव्हता. तेलासाठी एक आणि वायूसाठी एक असे दोन नळ समुद्रतळावरून किनाऱ्यापर्यंत टाकायचे ठरले. नळ आणायचे तर ते कुठे तरी जमिनीवर चढवावे लागतात. ती जागा म्हणजे उरण.

उरण त्या वेळी मुंबईला माहीत होते ते भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या मोऱ्याच्या लाँचमुळे. समुद्रातून तासाभराचा प्रवास, आणि रस्त्याने गेलात तर खाडीला वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा. मुंबईसमोर असून मुंबईपासून लांब असलेले हे गाव शतकभर मुंबईचे आगर होते. मीठ इथून जाई, मासळी इथून जाई आणि एकोणिसाव्या शतकात मोहाची दारूसुद्धा इथूनच जाई. पंचमहालातून मोहाची फुले गलबतांनी येत, उरणच्या भट्ट्यांत गाळली जात आणि मुंबईच्या गुत्त्यांत पोचत. भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी. म्हणजे समुद्रापलीकडून कच्चा माल आणायचा, त्याच्यावर प्रक्रिया करायची आणि नफ्यासह मुंबईला रवाना करायचा, हा धंदा उरणला नवा नव्हता. पुढच्या शतकात नळातून आलेल्या मालाची चाल तीच राहिली.

बाकी गावाचा स्वभाव खाडीकाठचा. आगरी आणि कोळी हे इथले मूळ समाज. समुद्राचे खारे पाणी बांधाने अडवून त्यामागे भात पिकवायचे, बांध फुटला की सगळ्या गावाने मिळून दुरुस्त करायचा. उन्हाळ्यात मिठागरात राबायचे. खाडीत जिताडा, निवटी, चिंबोरी पकडायची. खारबंदिस्तीची शेती ही एकट्याची नसतेच. जमीन मोजताना एकर-गुंठे मोजले जातात, बांधामागचा हा सामायिक उद्योग मोजला जात नाही. पुढच्या भांडणाचे मूळ बरेचसे इथे आहे. आणि भांडायची रीत या मातीला आधीपासून ठाऊक होती. तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. तिथे दरवर्षी त्या दिवशी मानवंदना असते.

१९७८ मध्ये नळ उरणला पोचले. शहराच्या वेशीबाहेर, नागाव-म्हातवलीच्या बाजूला, समुद्राला लागून प्रकल्प उभा राहिला. तिथे होते काय, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण उरणमधल्या निम्म्या लोकांनाही ‘ओएनजीसीत तेल शुद्ध करतात’ असेच वाटते. तेल शुद्ध करतात ते ट्रॉम्बेच्या कारखान्यांत. उरणला तेल शांत केले जाते, असे म्हणणे अधिक बरोबर. समुद्राखालून दाबाने आलेल्या तेलात वायू विरघळलेला असतो, पाणी असते. दाब टप्प्याटप्प्याने कमी केला की वायू सुटा होतो. सोड्याची बाटली उघडावी तसे, फक्त ही बाटली प्रचंड आणि फेस ज्वालाग्राही. वायू निघून गेलेले तेल मोठ्या टाक्यांत साठवतात आणि नळाने ट्रॉम्बेला पाठवतात, किंवा मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावरून टँकरमध्ये भरतात. वायूचे मात्र अनेक भाग पाडतात. घरगुती सिलिंडरचा गॅस वेगळा निघतो. इथेन-प्रोपेन वेगळे होऊन नळाने नागोठण्याला जातात आणि तिथे त्यांचे प्लास्टिक होते. उरलेला वायू ट्रॉम्बे आणि थळच्या कारखान्यांत युरिया बनवायला लागतो. थोडा जवळच बोकडविरा इथल्या वायू विद्युत केंद्रात जळतो. ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या या केंद्राची स्थापित क्षमता पुढे ६७२ मेगावॉटवर गेली, पण पुरेसा वायू न मिळाल्याने ते अनेक वर्षे अर्धपोटी चालले. दाराशी नळ असून गॅस नाही, हा विरोधाभास पुन्हा पुन्हा दिसेल.

नागपूरच्या शेतातला युरिया, पुण्याच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर, मुंबईच्या रिक्षातला सीएनजी या सगळ्यांच्या मागे काही वर्षे उरण होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस देशात निघणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बॉम्बे हायचे होते.

तेल सापडलेल्या गावांच्या गोष्टी आपण वाचलेल्या असतात. बाकू, टेक्सासमधली गावे, आखाती देश. रातोरात हॉटेले उभी राहतात, घरभाडे गगनाला भिडते, दारूचे गुत्ते आणि नाचघरे येतात, एका पिढीत महाल उठतात. उरणला यातले काही झाले नाही. २०११ च्या जनगणनेत उरण नगरपरिषदेची लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास होती. देशाचे निम्मे तेल तीन दशके ज्याच्या वेशीवरून गेले त्या शहराचा हा आकार. तेव्हा उरणच्या बाबतीत विचारायचा प्रश्न उलटा आहे: भरभराट का आली नाही?

याचे उत्तर शोधायला थोडे लांब, स्कॉटलंडच्या उत्तरेला जावे लागते. तिथल्या शेटलंड बेटांवर उत्तर समुद्राचे तेल उतरवणारे सलम व्हो हे केंद्र १९७८ च्या अखेरीस सुरू झाले, म्हणजे उरणच्या बरोबरीनेच. वस्ती वीस-बावीस हजारांची, धंदा मासेमारीचा आणि मेंढपाळीचा. कागदावर पाहिले तर उरणचे जुळे भावंड. पण तेल उतरण्याच्या चार वर्षे आधी, १९७४ मध्ये, तिथल्या स्थानिक परिषदेने ब्रिटिश संसदेकडून स्वतःपुरता एक कायदा करून घेतला. बंदराचा ताबा आणि जमीन घेण्याचा अधिकार परिषदेकडे आला. तिने तेल कंपन्यांना सांगितले की तुमच्यामुळे आमच्या जगण्यात जो अडथळा येईल त्याचे पैसे द्यावे लागतील, आणि ते दर टनामागे वसूल केले. ते पैसे एका न्यासात ठेवले. त्यातून बेटांवर क्रीडासंकुले, पोहण्याचे तलाव, वृद्धांची निवासगृहे उभी राहिली. शेटलंडच्या मच्छीमारांना काही अलौकिक बुद्धी होती असे नाही. त्यांच्या हातात वेळेवर कायदा होता, एवढेच.

उरणच्या हातात काय होते? राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार समुद्राखालची खनिजे केंद्र सरकारची. जमिनीवर तेल निघाले तर राज्याला स्वामित्वधन मिळते, म्हणून आसाम आणि गुजरातच्या अंदाजपत्रकात तेलाची एक ओळ असते. बॉम्बे हायचे स्वामित्वधन मात्र थेट दिल्लीला. महाराष्ट्रालाच मिळत नाही, तर उरण नगरपालिकेची काय कथा. नगरपालिकेची हद्द वेशीपाशी संपते आणि प्रकल्प वेशीपलीकडे आहे. राहिल्या ग्रामपंचायती. जगातल्या मोठ्या उद्योगांपैकी एकाकडून त्यांनी घरपट्टी मागायची. मला विचाराल तर उरणच्या कथेतले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य या कलमात आहे, आणि ते उरणमध्ये फार कमी लोकांनी वाचले आहे.

दुसरे कारण माणसांचे. तेलप्रकल्प बांधताना हजारो हात लागतात. बांधून झाला की तो नळ, झडपा आणि घड्याळाच्या तबकड्या पाहणाऱ्या थोड्या कुशल लोकांवर चालतो. हे अभियंते पाळीला बसने येत आणि बसने जात. कंपनीची वसाहत आणि संशोधन संस्था पनवेलला. समुद्रातल्या फलाटांवर माल पोचवणाऱ्या बोटींचा तळ न्हाव्याला. कर्मचाऱ्यांना फलाटांवर नेणारी हेलिकॉप्टरे जुहूहून उडत. त्यासाठी १९८५ मध्ये ‘पवनहंस’ ही स्वतंत्र सरकारी कंपनीच काढली गेली. पश्चिम किनाऱ्याची कार्यालये वांद्रे आणि शीवला, मुख्यालय तर थेट डेहराडूनला, जिथून समुद्र दिसायचा प्रश्नच नाही. चौदा दिवस फलाटावर काढून किनाऱ्याला आलेला माणूस पगार खर्च करायला उरणच्या बाजारपेठेत येत नसे. तो विमानतळ नाहीतर रेल्वे स्थानक गाठून आपल्या गावी जाई. तेल उरणला उतरले, तेलवाले उतरले नाहीत. तेलाने शहर घडते ते तिथे राहायला आलेल्या माणसांमुळे. उरणच्या बाजारात आजही दुकानांच्या पाट्या वाचल्या तर जुनी घराणी दिसतात, किराणा, जाळी आणि सुकी मासळी दिसते. तेलाच्या पैशाने बांधलेली हवेली म्हणून दाखवावी अशी एकही इमारत गावात नाही.

प्रकल्पाशी गावाचे नाते उरले ते नोकरीच्या मागणीचे. ‘प्रकल्पग्रस्त’ हा दाखला इथे जातीच्या दाखल्याइतका जपून ठेवतात. कायम नोकरी थोड्यांना मिळाली. बाकीच्यांच्या वाट्याला ठेकेदारीतली कामे आली. गवत काढणे, रंगकाम, सफाई, वाहनांचा पुरवठा. त्या कामांचा ठेका कोणाला, यावर गावकी, पक्ष आणि निवडणुका फिरू लागल्या. बाहेरून येणारा पत्रकार याला गावगुंडी म्हणून मोकळा होतो. ज्या अर्थव्यवस्थेत मोठा पैसा नळातून पुढे जातो आणि गावाला फक्त गळती मिळते, तिथे गळतीखाली भांडे कोणी धरायचे यावरच भांडण होणार.

तेल येण्याआधीच उरणवर आणखी एक नकाशा पसरला होता. मार्च १९७० मध्ये नवी शहरे वसवणारे सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी संपादित करायचे ठरले. नव्या मुंबईचा उरणच्या बाजूचा विभाग, म्हणजे नोड, द्रोणागिरी. मग न्हावा-शेव्याला बंदर करायचा निर्णय झाला. जासईचे दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, जमिनीच्या भावासाठी आणि विकसित जमिनीतल्या वाट्यासाठी शेतकऱ्यांना घेऊन उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, हे तत्त्व या लढ्यातून आले आणि नव्वदच्या दशकात सरकारने ते नव्या मुंबईसाठी लागू केले. भूसंपादनाच्या भारतीय इतिहासात याचे महत्त्व मोठे आहे. जमीन गेल्यावर नुसते पैसे न देता शहराच्या वाढत्या किमतीत भागीदारी द्यायची, ही कल्पना मुंबई-दिल्लीच्या नियोजनकारांच्या टेबलावर जन्मली नाही, जासईच्या मातीत जन्मली. शेटलंडने कायद्याने आधी मिळवले ते इथे गोळ्या खाऊन नंतर मिळाले. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना तर वाटपपत्रे हातात पडायला १६ ऑगस्ट २०१४ उजाडला. गोळीबाराला तेव्हा तीस वर्षे झाली होती. बंदरासाठी उठवलेल्या हनुमान कोळीवाड्याचे पुनर्वसन उरणजवळ झाले, ते वाळवीने पोखरलेल्या जागेवर. घरांच्या तुळया, चौकटी, कपाटे वाळवीने खाल्ली आणि कोळ्यांचा पुन्हा पुनर्वसनासाठीचा झगडा दशकानुदशके चालू राहिला.

न्हावा-शेव्याचे हे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झाले आणि उरणला जी काही भरभराट आली ती यानंतर, तेलाने नव्हे तर लोखंडी खोक्यांनी. २०२४-२५ मध्ये या बंदराने वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. कंटेनर नळातून जात नाही. तो ट्रेलरवर चढतो, यार्डात उतरतो, उघडतो, पुन्हा भरतो. त्याला चालक लागतो, क्लीनर लागतो, कस्टमचा एजंट लागतो, वजनकाटा, पंक्चरवाला, टपरी, भाड्याची खोली लागते. जासई, धुतूम, सोनारी, करळ, खोपटे, जिकडे पाहावे तिकडे यार्डे. ज्याला साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला त्याने तो विकला किंवा बांधकाम व्यावसायिकाबरोबर विकसित केला. बंगले उठले, गाड्या आल्या, हळदीचे मांडव मोठे झाले. मिठागरे बुजली, भातशेती पडीक झाली आणि पनवेल-उरण रस्त्यावर ट्रेलरच्या रांगांत दुचाकीवरची तरणी मुले मेली. प्रत्येक गावात अशी एक-दोन घरे आहेत.

तेलाने गावाला फारसे दिले नाही, पण धोका मात्र पुरेपूर वाटून दिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये नळ गळला आणि उरणच्या किनाऱ्यावर काळे तेल पसरले. मच्छीमारांचा हंगाम बुडाला. ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी प्रकल्पात आग लागली, चार जण मृत्युमुखी पडले, त्यात आग विझवायला गेलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे तीन जवान होते. वायू हजिऱ्याकडे वळवावा लागला आणि मुंबईतल्या सीएनजी पंपांवर दाब कमी झाला. मुंबईकरांना आपल्या रिक्षाचा गॅस उरणहून येतो हे त्या दिवशी कळले. समुद्रात फलाटांभोवती पाचशे मीटरचे सुरक्षित क्षेत्र असते. मासे मात्र त्या फलाटांच्या खांबांभोवतीच जमतात. उरणजवळच्या करंजाचा नाखवा मासा दिसतो तिथे जाळे टाकू शकत नाही.

आता बॉम्बे हायचा भर ओसरला आहे. घुमट तोच, पण तेल काढायला पाणी आणि वायू आत ढकलून दाब टिकवावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने ब्रिटिश कंपनी बीपीला उत्पादन वाढवण्यासाठी दहा वर्षांकरता तांत्रिक भागीदार नेमले. घसरण किती गंभीर आहे याची ही कबुलीच. तो ‘सागर सम्राट’ही खोदकामातून निवृत्त झाला आणि रूपांतर होऊन डिसेंबर २०२२ पासून तेल उत्पादनाच्या कामाला लागला.

उलट उरणचे रस्ते मात्र आत्ता कुठे उघडले. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे आणि खारकोपर-उरण लोकलचे उद्घाटन झाले. तेलाचा नळ समुद्रातून यायला शोधानंतर चार वर्षे लागली. लोकल यायला ४५ वर्षे अधिक. द्रोणागिरीतल्या घरांचे दर वाढले आणि मोऱ्याच्या लाँचचे उतारू घटले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत ‘कर्नाळा-साई-चिरनेर’ नावाचे नवे शहर वसवण्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नेमले. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. नावात चिरनेर आहे, १९३० वाले. या वेळी गावांनी भावाची घासाघीस करण्याआधी वाट्याचा कायदा मागावा: नव्या शहरात येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या उलाढालीतला ठरावीक हिस्सा, ग्रामपंचायतींच्या स्वतंत्र निधीत, पहिली कुदळ पडण्याआधी. मागणी अवाजवी वाटली तर शेटलंडचा १९७४ चा कायदा ग्रामसभेपुढे ठेवावा. तो करून घेणाऱ्यांची संख्या आजच्या उरण शहराहून कमी होती.